ऊसतोडीवरून आलेल्या पोराला ढ म्हणू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात 31 वर्षं झेडपीच्या शाळेवर मास्तर होतो, त्यातली बरीचशी वर्षं धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात गेली, आता रिटायर झालोय. दरवर्षी कुठला तरी सर्व्हे येतो, पाचवीच्या पोरांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, भागाकार येत नाही अशी बातमी छापून येते आणि मग दोन दिवस सगळे मास्तरांना नाहीतर पोरांना बोल लावतात. मास्तरांची बाजू घ्यायला हे पत्र नाही. ऊसतोड मजुरांच्या पोरांबद्दल सांगायचंय, कारण त्यांच्या वतीनं पेपरला लिहिणारं घरात कुणी नसतं.

आमच्याकडं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या गाड्या भरायला लागतात. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) उन्हाळ्यातच घेतलेली असते, ती लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यात संपलेली असते, त्यामुळं जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, म्हणून दोघांनाही जावंच लागतं. पोरांना कुणाकडं ठेवायचं? आजी धड असली तर ठीक, नाहीतर तीही सोबत. एका वर्षी माझ्या शाळेचा पट 42 होता आणि गाड्या गेल्यावर वर्गात 17 पोरं उरली होती. गेलेली पोरं परत दिसतात ती मार्च-एप्रिलात, म्हणजे निम्मं वर्ष गेलं.

चौथीतला एक पोरगा असा एप्रिलात परत आला. फळ्यावर हातच्याची वजाबाकी दिली तर नुसता बघत बसला. मग मी त्याला विचारलं, तुमच्या टायरगाडीत किती मोळ्या बसतात रे, एक मोळी किती किलोची, मग खेपेला माल किती झाला? पोरगं तोंडी हिशोब सांगून मोकळं! डोकं चांगलंच होतं त्याचं. पण तो वर्गात झोपायचा, शेजारच्याला उगाच मारायचा, जरा ओरडलं की दप्तर टाकून पळून जायचा. एकदा तो शाळेची खिचडी डब्यात लपवताना सापडला आणि मी सगळ्यांसमोर त्याला झापलं. नंतर कळलं की घरी धाकटी बहीण होती, तिच्यासाठी नेत होता. ते झापलेलं मला आजपण आठवतं आणि वाईट वाटतं.

झोपायचा का, तर सहा महिने त्याला सलग झोपच नव्हती. आईबाप पहाटे चारला फडात, म्हणजे उसाच्या शेतात, रात्री-अपरात्री ट्रक आला की भरायला पुन्हा उठायचं, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) लाईट नाही, आणि मोठं पोरगं म्हणून धाकटीला सांभाळायचं काम याचं. अशा पोराचं लक्ष लागत नाही, चिडचिड होते, तर त्याला आपण वळण नाही म्हणतो.

आणि ही झाली शाळेतल्या पोराची गोष्ट. त्याच्या बहिणीचं तर याहून अवघड आहे. दोन वर्षांचं होईपर्यंत मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास 80 टक्के वाढलेला असतो, आणि नेमकी तीच वर्षं ती फडात पाचटावर पडून काढते, भाकरी-चटणीवर. सरकारच्याच 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळपास 69 मुलांच्या अंगात रक्त कमी. रक्त कमी असलेलं पोर पहिलीत येतं तेव्हाच मागं पडलेलं असतं, मास्तर कितीही चांगला असू दे.

पण हे भरून निघत नाही असं नाही. जमैका देशात 1986-87 साली किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या 129 खुज्या मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यातल्या काही घरांत दोन वर्षं आठवड्यातून एकदा एक आरोग्यताई जायची, आईला बाळाशी कसं बोलायचं, साध्या खेळण्यांनी कसं खेळायचं ते दाखवायची, बस एवढंच. वीस वर्षांनी बघितलं तर ताई ज्यांच्या घरी गेली होती ती मुलं, त्यांच्यासारख्याच पण ताई न गेलेल्या घरातल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त कमवत होती. आपल्याकडं तर 1975 पासून अंगणवाडी आहे, ताई आहेत, फक्त फडावर कुणी जात नाही.

शाळेतल्या पोरांसाठी कागदावर सोयी आहेत. शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवलं की कारखान्याकडच्या शाळेत बसवून घ्यायचं, पण मजुरांची टोळी पंधरा दिवसांत दुसऱ्या फडावर गेली की ते पोरगं किती शाळा बदलणार? त्यापेक्षा गावातलं हंगामी वसतिगृह केव्हाही चांगलं, पोरगं गावात राहतं, दोन टाईम जेवतं, शाळा तुटत नाही. पण आमच्या भागात मंजुरी यायची डिसेंबरात आणि गाड्या गेलेल्या ऑक्टोबरात. मग वसतिगृह कुणासाठी? मी स्वतः तीन वर्षं अर्ज घेऊन चकरा मारल्या, प्रस्ताव वर गेलाय, एवढंच ऐकायला मिळालं. 2021 मध्ये सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 82 वसतिगृहांची योजना आणली, त्याचा आनंदच आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी सात वर्षांचं पोरगं ठेवायला आई तयार होत नाही, लहानांना गावातलंच पाहिजे.

त्यात 2023 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाला तर फेरपरीक्षा, तिथंही नापास तर परत त्याच वर्गात. नुकत्याच फडावरून आलेल्या पोराला आपण हा पेपर देतो, आणि एकदा बसला मागं की बाप म्हणतो चल आता, नवा कोयता तयार झाला. वर सांगितलेला चौथीतला पोरगाही सातवीनंतर कोयत्यावर गेला.

म्हणून विनंती आहे, यंदा गावोगावच्या हंगामी वसतिगृहांची मंजुरी सप्टेंबरातच द्या आणि दसऱ्याला जेवण सुरू करा. गाड्या भरायच्या आधी मास्तर आणि अंगणवाडी ताई मिळून घरोघरी याद्या करू शकतात, आम्ही केल्यात, चार दिवसांचं काम आहे. तुमच्या पेपरनं एवढी तारीख तरी लावून धरावी.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. बीड