निगेटिव्ह अहवालानंतरचे डायलिसिस रुग्ण

संपादक महोदय,

2020 मधल्या कोविडच्या पहिल्या लाटेत डायलिसिसवरचे सुमारे 20 टक्के बाधित रुग्ण दगावल्याचे युरोपातल्या नोंदी सांगतात. वाचलेल्यांचे पुढे काय, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशिनवर असणाऱ्याने ‘थकवा जात नाही’ म्हटले, की ‘डायलिसिसमुळेच’ असे उत्तर ठरलेले! आजारपणात मांस झडते. ‘ड्राय वेट’, म्हणजे डायलिसिसने जादा पाणी काढल्यावर गाठायचे ठरवलेले वजन, जुनेच ठेवले, तर झडलेल्या मांसाची जागा पाणी घेते आणि काट्यावर फरक दिसत नाही. भार पडतो हृदयावर, जे अनेकदा आधीच दुबळे असते. म्हणून अशा संसर्गानंतर ड्राय वेट नव्याने ठरवावे आणि दम, भूक, चालण्याची ताकद यांची काही महिने नोंद ठेवावी. लसीची प्रतिपिंडे या रुग्णांत लवकर घटतात, तेव्हा पुढच्या मात्रेची आठवणही तिथेच, डायलिसिसच्या खाटेवर करून द्यावी.

– एक वाचक