पोरीला पाठवायच्या आधी हे वाच

सोलापूर
रविवार, रात्र

प्रिय बापू,

सप्रेम सलाम.

तुझा फोन मध्येच कटला ते एका अर्थी बरं झालं. फोनवर तू एक प्रश्न विचारतोस आणि माझं उत्तर तोंडातून निघायच्या आत दुसरा टाकतोस. पत्रात तुला गुमान ऐकून घ्यावं लागेल. तेव्हा चहा घेऊन बस.

पोरीला दिवाळीच्या सुट्टीत आमच्या युवक शिबिराला यायचंय आणि तुझ्या पोटात गोळा आलाय. तुला वाटतं, ती येताना एकतर तुलाच उपदेश करत येईल, नाहीतर दुसऱ्याच मंडळीत नाव घालून येईल. वहिनींनी मागून विचारलेलं मला ऐकू आलं, "ते शिबिर आहे तरी कुठल्या चर्चचं?" वहिनींचा प्रश्न तुझ्यापेक्षा शहाणा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ते कुठल्याच एका चर्चचं नाही. आपल्या सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मुलं असतात, मेथडिस्ट असतात, कॅथलिक असतात, तेलुगू आणि कानडी घरांतली असतात, पत्र्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांची असतात. रेल्वेच्या नोकरीपायी इकडेच राहिलेल्या मल्याळी घरातलं, केरळच्या मार्थोमा चर्चचं एखादं पोरगंही असतं. आपले पाळक, फादर, सिस्टर, पास्टर असे सगळे मिळून ते चालवतात आणि वर्गणीही सगळीकडून येते. आपल्या लहानपणी हे सुचलंही नसतं. नाताळात कॅथलिक चर्चमधली गव्हाण बघून आलो की तुझी आजी काय काय बोलायची, आठवतं ना?

पहिल्या रात्री प्रभूची प्रार्थना होते, ज्याच्या त्याच्या भाषेत. मराठी, तेलुगू, कानडी, मल्याळम सगळं एकदम, म्हणजे बाजारच. "आम्हाला वाइटापासून सोडव" इथपर्यंत मराठी पोरं कशीबशी एकत्र असतात. तिथं कॅथलिक पोरं "आमेन" म्हणून थांबतात आणि आपली पोरं सवयीनं पुढं निघतात, "कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव..." अर्ध्या हॉलचे डोळे उघडतात. एकजण दुसऱ्याकडे बघतो, की हा विसरला का मी चुकलो? कुणीतरी खुदकन हसतं. आम्ही हे आधी मुद्दाम सांगत नाही. मग जेवणाच्या वेळी एखादी सिस्टर सांगते, की ते शब्द मिस्सेतही, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेतही आहेत, फक्त मध्ये फादरांची एक छोटी प्रार्थना येते आणि त्यानंतर लोक ते म्हणतात. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एवढी वर्षं शेजारच्या गल्लीत राहून हे माहीत नव्हतं!

तू म्हणशील, ही एकीबिकी म्हणजे वरच्या लोकांची बैठकबाजी. बापू, गोष्ट उलटी आहे. याची सुरुवात पोरांनी केली, बिशप मागून आले. 1844 साली लंडनमध्ये कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या 22 वर्षांच्या जॉर्ज विल्यम्सनं सोबत्यांना घेऊन वायएमसीए, म्हणजे ख्रिस्ती तरुणांची संघटना काढली. कापडाच्या दुकानातला नोकर, म्हणजे आपल्या चाटी गल्लीतलाच समज. त्यांनी कुणाला चर्चचा दाखला मागितला नाही. 1855 मध्ये पॅरिसला देशोदेशीच्या शाखा एकत्र आल्या. त्या चळवळीचं ब्रीद योहान 17:21 मधलं आहे, "त्या सर्वांनी एक व्हावे." 1895 साली स्वीडनमध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांची जागतिक संघटना निघाली. ती उभी करणाऱ्यांतला जॉन मॉट पुढं 1910 च्या एडिनबरोच्या मोठ्या मिशनरी परिषदेचा अध्यक्ष झाला. चर्चेसची जागतिक परिषद भरली ती त्याच्याही नंतर, 1948 साली, अॅमस्टरडॅमला. मोठ्यांना शंभर वर्षं लागली.

त्या एडिनबरोच्या परिषदेत आपला एक माणूस बोलला होता, व्ही. एस. अझरया. तमिळ माणूस, आधी वायएमसीएतच काम केलेला, पुढं 1912 मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला भारतीय बिशप झाला. समोर बहुतेक सगळे गोरे मिशनरी. त्यांना तो म्हणाला, तुम्ही तुमचं धन गरिबांना दिलंत, जीव ओवाळून टाकलात, पण आम्हाला प्रेमही हवंय. आम्हाला मित्र द्या. मला विचारशील तर शिबिराचा हेतू यात आला. आश्रयदाते आपल्याला ढीगभर मिळाले. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनचं कंपाउंड. बरोबरीनं पंगतीला बसणारा मित्र मिळणं अवघड होतं, आणि आपल्या आपल्यातही ते अजून अवघडच आहे.

आता तुझी खरी भीती. पोर मंडळी बदलेल का? शिबिराचा एक नियम आहे आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत. कुणी कुणाची मेंढरं पळवायची नाहीत. शिबिरात बाप्तिस्मा होत नाही, नावनोंदणी होत नाही, नंतर घरी फोन करून "आमच्याकडे या" म्हणायचं नाही. एका पास्टरांना हा नियम मानवला नाही, तेव्हा त्यांना हात जोडून निरोप दिला. शिबिर कुठं, किती दिवस, काय शिकवणार, हे पालकांना आधी कागदावर मिळतं आणि त्या गावच्या सरपंचांनाही कळवलेलं असतं. सध्याचे दिवस बघता ते बरंच आहे, पण दिवस चांगले असते तरी तेच केलं असतं. लपवण्यासारखं काही नाही.

भांडणं होतात का? होतात बे, कडाक्याची. गेल्या खेपेला निंबाखाली गटचर्चा चालू होती. एक पेंटेकॉस्टल पोरगी, हुशार, अर्धं बायबल तोंडपाठ. समोर आपल्या मंडळीतलं एक पोरगं. ती म्हणाली, "तुझा बाप्तिस्मा झालाच नाही. तू तान्हा होतास, तुला काय कळत होतं?" पोरगं लालबुंद. म्हणालं, "मग माझ्या आजीनं हातात घेऊन काय केलं, आंघोळ घातली?" सगळे हसले, ती नाही हसली. मी मध्ये पडणार होतो, पण फादरांनी खुणेनं थांबवलं. मग तिनंच सांगितलं, की तिच्या बापाची दारू सुटली आणि त्यानंतर बापानं विहिरीत उतरून बाप्तिस्मा घेतला. ती काठावर उभी होती. तिच्यासाठी बाप्तिस्मा म्हणजे ते पाणी. पोरगं गप्प झालं. पटलं नाही त्याला, तिलाही त्याचं पटलं नाही, पण संध्याकाळी दोघं एकाच बादलीनं झाडांना पाणी घालत होते.

हा वाद तुझ्या-माझ्या चर्चनं कसा सोडवला, तुला ठाऊक आहे का? 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा चर्चेस एक होऊन सीएनआय झालं. त्यात अँग्लिकन होते, आपल्या मराठी मिशनचे लोक ज्या संयुक्त चर्चमध्ये होते ते होतं, आणि प्रौढपणीच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. कुणालाच आपलं सोडायला लावलं नाही. घटनेत दोन्ही रीती ठेवल्या, बालपणीचा बाप्तिस्माही आणि कळत्या वयात विश्वास ठेवून घेतलेलाही. अमेरिकी परंपरेतले मेथडिस्ट मात्र शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले, ते आजही वेगळे आहेत. म्हणजे एकी झाली, पण अर्धवट. मला त्या अर्धवटपणाचा राग येत नाही. सगळं जुळल्याचं सोंग आणण्यापेक्षा ते बरं.

म्हणूनच शिबिरात सगळ्यांचं मिळून प्रभुभोजन होत नाही. तू हे ऐकून "मग एकी कसली?" म्हणशील. पोरंही तेच विचारतात. कॅथलिक चर्च इतरांना मिस्सेत कम्युनियन, म्हणजे हेच प्रभुभोजन, एरवी देत नाही आणि आपल्या पोरांना तिथं उभं राहून फक्त बघावं लागतं. काही तरुण दरवर्षी म्हणतात, गुपचूप करून टाकू, कोण बघतंय? आम्ही नाही म्हणतो. रविवारी सकाळी मिस्सा वेगळी होते आणि आपली उपासना वेगळी, पण दोन्हीकडे सगळे हजर राहतात. ज्याला घेता येत नाही तो बाकावर बसून राहतो. मागे एक कॅथलिक पोरगा आपल्या उपासनेत भाकर पुढं आली तेव्हा हात मागे बांधून बसला आणि नंतर मला म्हणाला, "अंकल, भूक लागल्यासारखं वाटलं." त्या वेळी मला काही बोलता आलं नाही. ज्या एकीसाठी प्रभूनं मरणाच्या आदल्या रात्री प्रार्थना केली ती अजून झालेली नाही, हे पोरांना पोटातून कळावं असं मला वाटतं. आपण फार लवकर गोड बोलून मोकळे होतो.

पण खरं सांगू? सोलापुरात ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती माणसापासून तोडणारी गोष्ट बाप्तिस्मा नाही आणि प्रभुभोजनही नाही. भाषा आहे, आणि त्याहून जास्त जात. मुलगी देताना पहिलं काय विचारतात, तुला माहीत आहे. चर्च बदललेलं चालतं, बाकीचं चालत नाही. शिबिरात एक संपूर्ण सकाळ यावर असते आणि त्या सकाळी काही पालकांचे फोन येतात, की पोरांच्या डोक्यात हे कशाला भरवता. दरवर्षी 18 ते 25 जानेवारीला जगभर ख्रिस्ती एकीचा प्रार्थनासप्ताह असतो, आपली गड्ड्याची जत्रा चालू असते त्याच दिवसांत. 2013 साली त्याची तयारी भारतातल्या ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीनं केली होती आणि दलितांचं दुःख जगभरच्या चर्चेससमोर ठेवलं होतं. वचन मीखा संदेष्ट्याचं होतं, देव आपल्याकडून काय मागतो ते. जगाला आपण सांगितलं, आता घरात कोण सांगणार? म्हणून शिबिरात पंगतीच्या जागा रोज चिठ्ठ्या टाकून ठरतात. वाढायची पाळीही चिठ्ठीनं आणि ताटं घासायचीही. पोरी म्हणतात, मुलांना ताटं घासता येत नाहीत. शिकतात.

एका दुपारी सगळ्यांना घेऊन आपण सेटलमेंटकडे जातो. तुला वाटेल, सहल. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रज सरकारनं अख्ख्या जमातींना जन्मजात चोर ठरवलं, पुढं त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तीच ही सेटलमेंट. कायदा गेला तो 1952 मध्ये. अशा वसाहतींमध्ये काही ठिकाणी मिशनरीही व्यवस्थापक होते. शाळा काढल्या, हात धरून शिकवलं हे खरं, आणि हजेरीची वही त्यांच्या हातात होती हेही खरं. आपल्या पोरांना पहिली गोष्ट पाठ असते, दुसरी कुणी सांगितलेली नसते. तिथल्या एका आजोबांना आम्ही बोलायला विनंती करतो. ते फार बोलत नाहीत. कुंपण कुठून कुठे होतं ते चालत दाखवतात, आणि पोरं त्यांच्या मागं चालतात. मिशनचं काम म्हणजे काय, यावर त्या संध्याकाळी होणारी चर्चा मला सगळ्यात आवडते, कारण तिथं कुणाकडेच तयार उत्तर नसतं.

गाण्यांचं विचारलंस. आहेत की. रेव्हरंड ना. वा. टिळकांची आहेतच, त्यांच्याशिवाय मराठी ख्रिस्ती माणसाची रात्र उजाडत नाही. त्या माणसानं 1917 साली मिशनची चौकट सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या दोघांनाही त्यात जागा दिली. आमची शिबिरं आज जे भीत भीत करतात ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी बिनधास्त केलं. रात्रीच्या प्रार्थनेत फ्रान्समधल्या तेझेच्या मठाची पद्धत वापरतो. ब्रदर रॉजर नावाचा स्वित्झर्लंडचा प्रॉटेस्टंट तरुण 1940 मध्ये त्या खेड्यात राहायला गेला, युद्धातल्या निर्वासितांना आसरा दिला आणि पुढं तिथं प्रॉटेस्टंट-कॅथलिक ब्रदर एकत्र राहू लागले. त्यांची गाणी दोन ओळींची, तीच पुन्हा पुन्हा म्हणायची आणि मग बराच वेळ शांत बसायचं. आपल्याकडे नामस्मरण असतं तसंच ते, पोरांना शिकवावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मला खपत नाही आणि ती मी बैठकीत वाद घालून बंद पाडली. शेवटच्या रात्री दिवे मालवायचे, कीबोर्डवर हळू सूर धरायचा आणि पोरं रडायला लागली की "कोण कोण आपलं जीवन देणार, हात वर करा" म्हणायचं. झोप झालेली नसते, घरची आठवण आलेली असते, अशा वेळी कुणीही हात वर करेल. ज्याला काही ठरवायचंय त्यानं सकाळी पोहे खाऊन ठरवावं. माझ्या या मतावर दोन पास्टर अजून नाराज आहेत. असू देत.

तर बापू, पोरीला पाठव. तिच्या मंडळीच्या पाळकांचं एक पत्र लागेल आणि तुमची दोघांची सही. ताट, वाटी, पांघरूण, बॅटरी, आणि आपलं बायबल, मोबाइलमधलं नाही. गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी. तिला रात्री अभ्यास करायचा असेल तर तसं कळव, वेगळी खोली देता येईल. हुतात्मा एक्सप्रेसनं आली तर स्टेशनवर घ्यायला मी येतो.

आणि तुला पेटी येते हे मी आमच्या लोकांना सांगून बसलोय. शेवटचे दोन दिवस ये. आमचा वाजवणारा पोरगा नोकरीला हैदराबादला गेला आणि सगळी गाणी टाळ्यांवर चाललीत. जमणार नसेल तर या आठवड्यात सांग, म्हणजे मी दुसरा कुणी बघतो.

वहिनींना सलाम, आईंना नमस्कार सांग. पोरीला म्हणावं, चादर आणू नको. सोलापुरात येताना कुणी चादर आणतं का?

तुझा,
दाद्या