सिस्टर आक्का, रिपोर्ट पालथा घातल्याबद्दल

सिस्टर आक्का, नमस्कार.

तुमची बदली चिक्कोडीकडं झाली म्हणून कळलं. समोरासमोर बोलायचं राहिलंच, म्हणून इथं सगळ्यांदेखत लिहितेय.

माझी शुगर वाढली की घरात महाजन आयोग बसायचा, आणि निकाल ठरलेला, माझ्याच विरुद्ध. सासूबाई डब्यातला गूळ मोजून ठेवायच्या. लग्नात एकजण म्हणणार "मांड्याला हात लावू नको", दुसरी म्हणणार "एकानं काय होतंय, खा की". बेळगावातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांनी तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ९.४ बघून, मान वरसुद्धा न करता, "खोटं बोलू नका, काय काय खाता ते सांगा" म्हणून झापलं. बाहेर बाकड्यावरच्यांनाही ऐकू गेलं. फी मात्र आधीच घेतलेली! त्यानंतर शुगरचं मशीन कपाटात गेलं ते गेलंच.

सरकारी दवाखान्यात तुम्ही तोच रिपोर्ट घेतलात, टेबलावर पालथा घातलात, त्यावर पाण्याची बाटली ठेवलीत आणि तुमच्या कन्नड वळणाच्या मराठीत विचारलंत, "हे राहू दे. रात्री झोप लागतीय काय?"

मागं ही लाईन. कुणीतरी खाकरून घाई करत होतं, त्याला तुम्ही नुसत्या हातानं थांबवलंत. मी रडायलाच लागले. एका रात्री शुगर ५८ वर उतरली होती, दरदरून घाम, हात थरथरायला लागलेले. तेव्हापासून इन्शुलिन घेताना भ्या वाटायचं, म्हणून झोपायच्या आधी काहीतरी खाऊन घ्यायचे. हे मी नवऱ्यालासुद्धा बोलले नव्हते. तुम्ही सगळं ऐकलंत आणि मग सांगितलंत, की काळजीनंसुद्धा शुगर चढते. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढलं की यकृत रक्तात साखर सोडतं, ताटात काही असो नसो. मला इतकी वर्षं वाटत होतं, चढली म्हणजे जिभेनंच घात केला.

डोसचं पुढं डॉक्टरांनी बघितलं, ते असो.

लेकीनं मोबाईलवर शोधून दाखवलं, मधुमेहाच्या नुसत्या मानसिक त्रासावर २० प्रश्नांची यादी अमेरिकेत १९९५ सालीच निघालीय. एवढ्या डिग्र्या भिंतीला टांगणाऱ्याला त्यातला एक प्रश्न सुचू नये? सरकारी दवाखान्याला नावं ठेवायची आपल्याकडं सवयच आहे, मीही त्यातलीच. पण माणसाशी माणसासारखं कुणी बोललं असेल तर ते तिथंच, पंखा बंद पडलेल्या त्या खोलीत. असली माणसं खात्यात आहेत म्हणून गोरगरिबाचं निभतंय.

सासूबाईंनी आता गूळ मोजायचं सोडलंय. रात्री उशाशी थोडा तोच ठेवतात, शुगर उतरली तर असावा म्हणून.

यंदाचा बासमती निघाला की भाऊ तुमच्याकडं पोचवेल. मी बेतानं खाते, तुम्ही पोटभर खावा.