काका, त्या एका बटणासाठी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

खरं तर दोन जिने उतरले की तुमचं दार. पण समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण मी जिथे अडकले होते तिथे आणखी बरेच जण अडकलेले असणार.

वाचनालयाचं प्रकरण तुम्हाला ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी दोन ओळी. जुनी कार्डं चार-पाच जणांनी मिळून संगणकावर चढवली आणि एकेक पुस्तक दोन-दोनदा चढलं. कुठे लेखकाचं आडनाव आधी, कुठे नाव आधी. दोन नोंदी शेजारी-शेजारी दाखवून "एकच आहे का?" असं विचारणारा छोटा पायथॉन प्रोग्रॅम मी लिहिला. उत्तर वाय किंवा एन, आणि प्रत्येक उत्तरानंतर एंटर. शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "लिफ्टचं बटण दाबल्यावर एंटर मारतो का गं आपण?"

मला वाटलं, त्यात काय! कॉलेजात टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी 'गेटच' लिहायचो, काळी खिडकी पळून जाऊ नये म्हणून. एक बटण दाबलं की पुढे, एंटर नाही. तसंच काहीतरी असेल. पण ते ज्या 'कोनिओ डॉट एच'मधून यायचं ती फाइल सीच्या प्रमाणात कधी नव्हतीच, आणि माझ्या उबुंटू लिनक्सवर तर तिचा पत्ताच नाही. तेव्हा लॅपटॉप घेऊन खाली आले.

तुम्ही कोड दिला नाहीत. उलट विचारलंत, "एंटर मारेपर्यंत अक्षरं असतात कुठे?" मी म्हटलं, प्रोग्रॅमकडे. तुम्ही नुसतं 'कॅट', म्हणजे आलेलं जसंच्या तसं परत छापणारी आज्ञा, चालवायला लावलंत, चुकीचं काहीतरी टाइप करायला लावलंत, मग बॅकस्पेसने खोडायला. "या कॅटला बॅकस्पेस कळतो का? नाही. मग खोडलं कुणी?" खोडलं कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं. तो ओळ स्वतःजवळ जमवतो, चुका सुधारून घेतो आणि एंटर आला की अख्खी ओळ प्रोग्रॅमच्या हातात देतो. कॅनॉनिकल मोड म्हणजे हेच. टर्मिनलचं, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचं, टीटीवाय हे नाव टेलिटाइप या तारेवर चालणाऱ्या टाइपरायटरवरून आलं, १९६३ सालचं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं कागदावर ठोकायचं, हेही तुम्ही सांगितलंत. त्यानंतर तुमच्या पहिल्या नोकरीतल्या हिरव्या पडद्यांवर घसरलात आणि पाऊण तास गेला. तो मी मोजत नाही.

टर्मिनलची मांडणी बदलणाऱ्या टर्मिऑसमध्ये आयकॅनॉन (ओळ जमवणं) आणि एको (टाइप केलेलं दाखवणं) हे दोन झेंडे उतरवायचे, व्हीमिन १ आणि व्हीटाइम ० ठेवायचं, म्हणजे एक अक्षर येईपर्यंत थांबायचं, झालं. मी आगाऊपणे कुठूनतरी जवळपास सगळेच झेंडे उतरवणारं 'सेटरॉ' उचलून आणलं होतं. ओळी जिन्यासारख्या उजवीकडे उतरायला लागल्या आणि कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबेना. तुम्ही म्हणालात, आलेला आकडा छाप. छापला तर ३. कंट्रोल-सी आता 'थांब' सांगणारा सिग्नल उरला नव्हता, तोही एक साधा बाइट होऊन माझ्याकडे येत होता. ते दोनच झेंडे उतरवणारं 'सेटसीब्रेक' वापरल्यावर दोन्ही दुखणी गेली. आलेला आकडा आधी छापून बघायची सवय मला तिथे लागली.

मग तो शुक्रवार. प्रोग्रॅम मधेच कोसळला आणि टर्मिनल मुकं झालं. टाइप करतेय पण दिसत काहीच नाही. अशा वेळी मी सरळ खिडकी बंद करून नवी उघडायचे. तुम्ही माझा हात धरलात. "आंधळेपणानं लिही: एसटीटीवाय, जागा सोड, सेन. एंटरनं नाही झालं तर कंट्रोल-जे." लिहिलं, आणि अक्षरं परत आली. मग जरा कडक आवाजात म्हणालात, "शेजाऱ्याची शिडी आणली तर काम अर्धवट राहिलं तरी शिडी परत द्यायची असते." तेव्हापासून झेंड्यांना हात लावण्याआधी जुनी मांडणी जपून ठेवते आणि प्रोग्रॅम कोसळला तरी शेवटी चालणाऱ्या 'फायनली'मध्ये ती परत बसवते. कंट्रोल-झेडनं मधेच बाजूला ठेवलं तर 'फायनली' चालत नाही, म्हणून तो सिग्नल वेगळा पकडते. 'किल उणे ९'नं प्रोग्रॅम जबरदस्तीनं मारला तर त्यापुढे इलाज नाही, ते तुम्हीच सांगितलंत.

सगळ्यात जास्त छळलं ते बाणांनी. बाईंना मागची नोंद पुन्हा बघायची होती, म्हणून वरचा बाण हवा होता. लिनक्सवर वरचा बाण म्हणजे एक बटण नाही, तीन बाइट: २७, ९१, ६५. आणि २७ म्हणजेच एस्केपचं बटण. म्हणजे २७ आला की थोडं थांबून बघायचं, मागून कुणी येतंय का. पडदा आणि बटणं हाताळणारी तयार लायब्ररी एनकर्सेस तर सांगितलं नाही तर अख्खे १००० मिलिसेकंद वाट बघते. मी ५० वर ठेवलं, तरी बाण दाबला की प्रोग्रॅम म्हणे एस्केप. दोन संध्याकाळी गेल्या. मी टर्मिनलला दोष दिला, लॅपटॉपला दिला, मनातल्या मनात थोडा तुम्हालाही दिला. दुसऱ्या संध्याकाळी काकूंनी थालीपीठ आणून ठेवलं, तेव्हा तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "अगं, तू विचारतेस एकाला आणि घेतेस दुसऱ्याकडून." खरंच होतं. 'सिलेक्ट' कर्नलला विचारत होतं, अजून काही आहे का? पण पायथॉनच्या एसटीडीइननं, म्हणजे कीबोर्डवरचं वाचून देणाऱ्यानं, एक अक्षर मागितल्यावर तिन्ही बाइट आधीच उचलून आपल्या खिशात घातले होते. कर्नल प्रामाणिकपणे सांगत होता, माझ्याकडे काही नाही. 'ओएस डॉट रीड'नं थेट कर्नलकडून घ्यायला लागले आणि बाण चालला. थालीपीठ गार झालं होतं.

वाचनालयातला संगणक विंडोजचा. तिथे टर्मिऑसच नाही, तिथे बटणं वाचायला 'एमएसव्हीसीआरटी'. टर्बो सीचा गेटच तिथे अजून नांदतोय हे बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तिथला वरचा बाण म्हणजे आधी २२४, मग ७२. मी वहीत २२४ लिहिलं आणि तुम्ही एकदम हसायला लागलात. मग 'क' युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत, कसा लिहितात ते मला काढायला लावलंत: २२४, १६४, १४९. देवनागरीचं प्रत्येक अक्षर २२४ नेच सुरू होतं! विंडोजच्या गेटचला तो आकडा म्हणजे "पुढे खास बटण येतंय", आणि लिनक्सवर "पुढे आपली माणसं येतायत". हा योगायोग मला इतका आवडला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगत सुटले. कुणालाच हसू आलं नाही.

आणि तोच आकडा लगेच उपयोगी पडला. बाई मराठी नोंदी दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांचा कीबोर्ड कायम इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर. त्या वायचं बटण दाबत होत्या आणि लिनक्सवर प्रोग्रॅम पहिला बाइट घेऊन, "हे काय, २२४?" म्हणून गप्प बसत होता. इनस्क्रिप्टमध्ये वायच्या जागी 'ब' असतो, एनच्या जागी 'ल'. तीन बाइट गोळा करून मग अक्षर बनवायचं. विंडोजवर 'गेटडब्ल्यूच' ते अख्खंच देतो. मी बाईंना म्हणाले, भाषा बदलून मग बटण दाबा. तुम्ही म्हणालात, "त्यांनी का बदलायची? तू ब घे की." घेतला. आता दोन्ही चालतात, वाय तसा ब, एन तसा ल. बाईंनी त्याचा अर्थही लावून टाकलाय: ब म्हणजे बरोबर, ल म्हणजे लबाड.

मधे एकदा कुणीतरी यादी पाइपमधून आत ढकलली आणि सगळं बंद पडलं, तेही तुम्ही फोनवरच सोडवलंत: इझ-ए-टीटीवाय विचार, म्हणजे समोर टर्मिनल आहे का ते, नसेल तर बटणं डेव्ह-टीटीवायवरून, म्हणजे थेट टर्मिनलकडून घे.

यादी जवळपास संपत आलीय. काल एक नोंद अडली. तुम्ही वाचनालयाला दिलेलं एक प्रवासवर्णन दोनदा चढलंय, एकदा देणगीदार म्हणून तुमचं नाव, एकदा काकूंचं. पुस्तक एकच, पण कुठली नोंद ठेवायची ते ना प्रोग्रॅमला ठरवता आलं, ना बाईंना. मी काही दाबलेलं नाही, पडदा तसाच सोडलाय. शनिवारी दोघंही या आणि तुमचं तुम्ही काय ते दाबा. एंटर मारावा लागणार नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची