मंत्रिमहोदय, रस्ता कुठला उघडा राहील?

प्रति,
माननीय गृहनिर्माण मंत्री,
ब्रिटिश सरकार, लंडन

महोदय,

आमच्या गावाबाहेरच्या एका शेतावर घरं बांधायचा अर्ज आलाय. हरकत नोंदवायचा फॉर्म मी इंग्रजीत भरला. फॉर्ममध्ये एक चौकोन होता आणि त्याखाली सूचना होती की नियोजनाशी संबंधित मुद्देच लिहावेत. मी चार मुद्दे लिहिले, बटण दाबलं, पोच आली. रात्री मात्र झोप लागेना, कारण जे सांगायचं होतं ते त्या चौकोनात मावलंच नव्हतं. ते इथे मराठीत लिहितेय. तुम्हाला मराठी येत नाही याची कल्पना आहे. पण या देशात मराठी वाचणारे पुष्कळ आहेत, त्यांतले बरेच जण तुमचे मतदार आहेत, आणि दर शनिवार-रविवारी नव्या घरांचे नमुना फ्लॅट बघत फिरणारेही त्यांच्यात कमी नाहीत. त्यांनी वाचलं तरी माझं काम झालं.

मी मूळची सांगलीची, आता ट्यूक्सबरीची. ट्यूक्सबरी कुठे आलं असं माहेरचं कुणी विचारलं की मी सांगते, हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते ना, तशी इथे एव्हन सेव्हर्नला मिळते. सेव्हर्न वेल्सच्या डोंगरात उगम पावते आणि साडेतीनशे किलोमीटर वाहते. ब्रिटनमधली सगळ्यात लांब नदी ती. एव्हन येते शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डवरून. शिवाय स्विलगेट आणि कॅरंट असे दोन ओढे आहेत, दिसायला किरकोळ, पण खोड्या काढण्यात दोन्ही नद्यांच्या वरचढ. या चौघांच्या मध्ये एका उंचवट्यावर गाव बसलंय. उंचवटा तरी कसला, सायकलवर जाताना चढ कळतसुद्धा नाही. पाणी आलं की मात्र नेमका कळतो.

गावाच्या पश्चिमेला मिल एव्हन नावाचा पाट आहे. मठाची गिरणी चालावी म्हणून जुन्या काळी एव्हनचं पाणी वळवून तो काढला. पाट आणि सेव्हर्न यांच्यामध्ये सुमारे ७० हेक्टरचं एक बेट तयार झालंय, त्याला म्हणतात सेव्हर्न हॅम. हॅम म्हणजे नुसतं गवताचं कुरण. उन्हाळ्यात गवत कापतात, मग गुरं चरायला सोडतात, आणि हिवाळ्यात तिथे पाणी येऊन बसतं. गावाच्या मुख्य रस्त्यापासून चालत पाच मिनिटांवर इतकी सपाट, मोकळी जमीन आहे आणि शेकडो वर्षांत तिथे कुणी वस्ती केलेली नाही. आमच्याकडे असती तर गुंठे पाडून विकली असती, असं माझे वडील इथे आले तेव्हा म्हणाले होते. विनोदाने नव्हे, काळजीने.

आता गावातून चला. ॲबी म्हणजे मठाचं चर्च एका टोकाला. मधल्या क्रॉसपाशी तीन रस्ते मिळतात, चर्च स्ट्रीट, हाय स्ट्रीट आणि बार्टन स्ट्रीट. त्या तीन रस्त्यांना लागून लाकडी चौकटींची जुनी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, काही तर पुढे झुकून समोरच्या घराशी कुजबुजताहेत असं वाटावं. दोन घरांच्या मध्ये अचानक एक बोळ आत जातो. एकेकाळी असे ९० बोळ होते, त्यांतले तीसेक आज उरलेत. एकातून पिशव्या घेऊन जाताना मला आडवं व्हावं लागतं. आत गेलं की छोटी छोटी घरं, एखादी बाग, एका बोळाच्या आत तर सतराव्या शतकातलं बाप्टिस्ट प्रार्थनाघर आणि त्याची दफनभूमी. पर्यटक फोटो काढतात आणि म्हणतात, किती गोड!

हे बोळ गोडपणासाठी केलेले नाहीत. गाव वाढत होतं. इथे विणकामाचे माग होते, पिठाच्या गिरण्या होत्या, नदीवरून धान्याच्या होड्या यायच्या. बाजार तर इतका जुना की १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत त्याच्या उत्पन्नाची नोंद आहे. माणसं वाढली, पण बाहेर पसरायला जागा नव्हती, कारण बाहेर नदीची जागा होती. म्हणून लोकांनी आपापल्या परसात घरं बांधली, त्या घरांच्या परसात आणखी घरं बांधली. दाटीवाटीत राहिले, त्याची किंमतही मोजली. १८३२ मध्ये कॉलराने या गावाला सोडलं नाही. तरी हॅमवर गेले नाहीत. या गावाचा नकाशा हीच त्याची पूररेषा आहे, महोदय. ती कुठल्या संगणकाने काढलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आलं त्यांनी काढली.

ॲबीची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ११२१ मध्ये तिचं लोकार्पण झालं. तिचा मनोरा नॉर्मन काळातल्या सर्वांत भव्य मनोऱ्यांत मोजला जातो. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा हा मठही गेला, पण इमारत पाडू द्यायला गावकरी तयार नव्हते. त्यांनी छपराचं शिसं आणि घंटांची किंमत म्हणून ४५३ पौंड राजाला मोजले आणि चर्च विकत घेतलं. आजही ते गावाचं चर्च आहे. सांगलीत गणपतीचं देऊळ आहे तसं, गावाच्या जिव्हाळ्याचं.

आणि १४७१ ची लढाई, इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांत झालेल्या ‘गुलाबांच्या युद्धां’तली. तुमच्या शाळेत ती शिकवली असेल, पण बहुतेक गुलाबांच्या गोष्टीसारखी. मला ती रस्त्याची गोष्ट वाटते. लँकेस्टर पक्षाची राणी मार्गारेट सैन्य घेऊन सेव्हर्न ओलांडून वेल्सला पोचायच्या धडपडीत होती. वाटेतल्या ग्लॉस्टर शहराने वेशीचे दरवाजे लावून घेतले, तिथला पूल मिळाला नाही. रात्रंदिवस चालून थकलेलं सैन्य ट्यूक्सबरीला आलं, आणि नदी पार व्हायच्या आत यॉर्क पक्षाच्या राजा चौथ्या एडवर्डने गाठलं. ४ मे रोजी लढाई झाली. राणीचा सतरा वर्षांचा मुलगा मारला गेला, त्याला ॲबीत पुरलंय. ज्या कुरणात पळणाऱ्यांची कत्तल झाली त्याला आजही ‘ब्लडी मेडो’ म्हणतात. ट्यूक्सबरीतून बाहेर पडायला वाट सापडली नाही तर काय होतं, याचं इतकं जुनं उदाहरण दुसरं नाही.

माझं उदाहरण २००७ चं. त्याआधी २००५ चा सांगलीचा पूर मी पाहिलेला होता. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना नमस्कार करत नाहीत, ‘आयर्विनला किती फूट?’ असं विचारतात. आयर्विन पुलाच्या मोजपट्टीवर ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि कोयनेतून किती पाणी सोडलंय हे शाळकरी पोरालाही माहीत. लग्न होऊन इकडे आले ते बोळातल्या एका भाड्याच्या घरात. जुलैची २० तारीख, शुक्रवार. आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. सेव्हर्न तशी सभ्य नदी आहे, वरून पाणी यायला दिवस लागतात, बातमी आधी येते. त्या दिवशी आधी ओढे आणि गटारं आली. मग शनिवार-रविवारी नद्या आल्या. गावात येणारे-जाणारे सगळे रस्ते पाण्याखाली. विमानातून काढलेला तो फोटो तुम्ही पाहिला असेल, चहूकडे तपकिरी पाणी आणि मधोमध ॲबी. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणाल्या, “पाणी तुझ्या मागेच लागलंय गं.”

रविवारी गावाच्या उत्तरेला माइथचं जलशुद्धीकरण केंद्र बुडालं. साडेतीन लाख लोकांचे नळ कोरडे पडले, काहींचे १७ दिवसांपर्यंत. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. रस्त्यांवर टँकर उभे राहिले, सैनिक बाटल्या वाटू लागले. त्या दिवसांत माझी गल्लीत भलतीच पत वाढली. शेजारच्या आजी टँकरपाशी चहाची किटली घेऊन उभ्या होत्या! त्यांच्या घरात बादलीच नव्हती, लागलीच नव्हती कधी. मी त्यांना एक बादली आणि स्टीलचा तांब्या दिला आणि अर्ध्या बादलीत अंघोळ कशी करायची ते हातवारे करून दाखवलं. तांब्या त्यांनी परत दिला नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या मुलीने तो आणून दिला, आत जांभळी फुलं लावून.

त्या पुरानंतर सर मायकल पिट यांच्या समितीने ९२ शिफारशी केल्या, २०१० मध्ये कायदा झाला. गावात बदलही दिसतात. बऱ्याच घरांच्या दारांना फळ्या बसवायच्या खाचा आहेत. आमच्या नव्या घरात विजेचे सॉकेट कमरेच्या उंचीवर आहेत, पाहुणे हसतात आणि मग कारण कळलं की गप्प होतात. आता सेव्हर्नच्या वरच्या अंगाला वुस्टर आणि त्याच्याही वर ब्यूडलीला पाणी किती चढलं ते आम्ही फोनवर बघतो. आयर्विनच ते, नाव वेगळं.

मी घरांच्या विरोधात नाही. पंधरा लाख घरं बांधायचं तुमच्या सरकारने कबूल केलंय आणि ती लागणारच आहेत. घर मिळत नाही म्हणून लग्न लांबणीवर टाकलेली पोरं आमच्याही गल्लीत आहेत. १८४० मध्ये रेल्वे आली ती गावाला टाळून शेजारच्या ॲशचर्चवरून गेली, ट्यूक्सबरी मागे पडलं आणि त्या मागे पडण्यामुळेच जुनी घरं वाचली, हे खरं आहे. पण मागे पडण्यात काही मौज नसते. ॲशचर्चच्या बाजूला २०१९ मध्ये ‘गार्डन टाउन’ जाहीर झालं, दहा हजारांच्या आसपास घरं. जागा नद्यांपासून जरा लांब आहे, हेही मान्य. तरी तिथे काय घडलं? घरांच्या आधी रेल्वेवरून एक पूल करायचा ठरला. परवानगी देताना पुलामुळे होणाऱ्या घरांचे फायदे मोजले, तोटे मात्र बाजूला ठेवले. २०२३ मध्ये अपील कोर्टाने ती परवानगी रद्द केली. हिशेबाची वही एकाच बाजूने लिहिलेली असली की असंच होतं.

माझी खरी तक्रार त्या वहीबद्दल आहे. बिल्डर सांगतो, ही जागा ‘झोन १’ मध्ये आहे. झोन १ म्हणजे नदीच्या किंवा समुद्राच्या पुराची शक्यता वर्षाला हजारात एकापेक्षा कमी. खोटं नाही ते. पण त्या झोनमध्ये पावसाचं साचलेलं पाणी धरलेलं नसतं, त्याचा नकाशा वेगळा. २००७ च्या शुक्रवारी आमच्या दारात आधी जे आलं ते नदीचं नव्हतंच. आणि घर कोरडं राहिलं तरी घरातून बाहेर पडता येईल का, हे तो नकाशा सांगत नाही. डायलिसिसला जायचं असेल तर? बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तर? माझ्या हरकतीतला चौथा मुद्दा हाच होता. अर्जासोबतच्या जाडजूड अहवालात गाड्यांची वर्दळ सकाळी किती, संध्याकाळी किती याचे तक्ते आहेत. पूर आल्यावर कुठला रस्ता उघडा राहील, यावर एक परिच्छेद आहे. त्यात लिहिलंय की रहिवाशांनी सूचनांकडे लक्ष ठेवावं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पुराच्या दिवशी रुग्णवाहिका जाईल असा एक तरी रस्ता दाखवल्याशिवाय घरांना परवानगी देऊ नका. तो रस्ता नकाशावर नको, प्रत्यक्षात, घरांच्या आधी हवा.

दुसरं मागणं माझ्या मराठी वाचकांच्या वतीने. पूरग्रस्त भागातल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून २०१६ पासून ‘फ्लड री’ योजना आहे. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेलं घर त्या योजनेत बसत नाही. विचार यामागचा रास्त आहे, पूरक्षेत्रात नवीन घरं बांधायला उत्तेजन मिळू नये. पण त्याचा भुर्दंड बांधणाऱ्याला पडत नाही, घेणाऱ्याला पडतो. नमुना घरात स्वयंपाकघराचा ओटा कुठल्या दगडाचा आहे हे तीनदा सांगतात, ही गोष्ट एकदाही नाही. माझ्या ओळखीच्या एका नाशिकच्या जोडप्याला विम्याचा आकडा ताबा घ्यायच्या आठवड्यात कळला. ही ओळ विक्रीच्या कागदाच्या पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात छापणं बंधनकारक करा. याला निधी लागत नाही, शाई लागते.

आणि एकदा या. मे महिन्यात नको, तेव्हा सगळी गावं सुंदर दिसतात. जानेवारी-फेब्रुवारीत हॅमवर पाणी असेल तेव्हा या. मिल एव्हनच्या काठी जुन्या गिरणीपाशी उभं राहिलं की कुंपणाच्या खांबांची फक्त डोकी दिसतात आणि जिथे जुलैत गवताच्या गाठी पडलेल्या असतात तिथून हंस पोहत जातात. गाव मात्र कोरडं असतं, दुकानं उघडी असतात, बुधवारचा बाजार भरलेला असतो. मी बटाटेवडे करून ठेवीन. इथली मोहरी पूर्वी फार नावाजलेली होती, शेक्सपिअरनेही तिचा दाखला दिलाय, तेव्हा फोडणीची काळजी नको.

गाडी तेवढी लोअर लोड लेनला लावू नका. पहिलं पाणी तिथेच येतं.

आपली,
बोळातली एक सांगलीकर
ट्यूक्सबरी, ग्लॉस्टरशर