ताई, दौलताबाद आता उडी मारत नाही

आदरणीय ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

मागच्या पावसाळ्यात जालन्याच्या खोलीवर बसून मी संगणकावर अख्खी पृथ्वी काढायला निघालो होतो. चिकलठाण्याहून विमान उडवायचं आणि वर वर जात जमीन गोल दिसली पाहिजे, एवढाच हट्ट. २००० साली एंडेव्हर यानातल्या रडारनं मोजलेल्या उंच्या फुकट मिळतात. त्यातला एक अंशाचा चौकोन घेतला. दौलताबाद, पैठण, जालना तिन्ही त्यात येतात. एका बाजूला ३,६०१ बिंदू, म्हणजे एकूण जवळजवळ १ कोटी ३० लाख. मी सगळेच त्रिकोणांनी जोडून काढत होतो! लॅपटॉप तव्यासारखा तापायचा आणि विमान बैलगाडीच्या चालीनं जायचं.

तुम्ही स्क्रीनशॉट बघून पहिलंच विचारलंत, "पैठणकडची रानं एवढी सपाट, तिथं इतके त्रिकोण कशाला काढायलास?"

तोवर मी सगळे बिंदू काढणं सोडलं होतं, पण नुसतं अंतर बघून तपशील ठरवत होतो. तुम्ही म्हणालात, तुकडा ढोबळ काढला तर उंची किती मीटरनं चुकते आणि ती चूक इथून पडद्यावर किती पिक्सेल दिसते, ते मोज. एक-दोन पिक्सेल असेल तर सोडून दे. जास्त असेल तर तुकड्याचे चार कर, गरज पडली तर त्यांचेही चार. क्वाडट्री, म्हणजे हीच एकाचे चार करत जाणारी रचना, मी परीक्षेपुरती पाठ केली होती. ती कळली त्या रात्री. देवगिरीचा सुळका लांबूनही बारीक तुकडे मागतो, गोदाकाठाचं जवळ जाऊनही थोडक्यात भागतं.

मग जाड आणि बारीक तुकड्यांच्या सांध्यांतून आभाळ दिसायला लागलं. तुम्ही हसून म्हणालात, "साडीला फॉल लावतात ना? तशी कडेनं खाली पट्टी सोड." सोडली, फटी गेल्या.

धावपट्टीवर विमान थरथरायचं, त्यात माझे आठ दिवस गेले. पृथ्वीच्या केंद्रापासून ६३ लाख मीटरवरचा आकडा ३२ बिटांत ठेवला की अर्ध्या मीटरपेक्षा बारीक फरक उरतच नाही, म्हणून विमान तेवढ्या उड्या मारतं, हे तुम्ही फोनवर दोन मिनिटांत सांगितलंत. आता वजाबाकी आधी ६४ बिटांत होते आणि ग्राफिक्स कार्डाला फक्त कॅमेऱ्यापासूनचं अंतर जातं.

दिवसभर उन्हात मोजणीची कामं करून रात्री साडेदहाला तुम्ही माझा कोड वाचत होतात. एकदाही स्वतः लिहून दिला नाहीत. तेव्हा राग यायचा, खरं सांगतो.

तपशील बदलताना किल्ला टुणकन उडायचा, तेही थांबलं. नवे बिंदू जुन्या उंचीवरून हळूहळू सरकतात. तासलेला कडा मात्र अजून घसरगुंडीसारखाच दिसतो. ३० मीटरला एक बिंदू, त्यात उभा कडा मावायचा कसा? त्यासाठी रविवारी फोन करतो. उचला.

तुमचा,
जालन्याचा त्रासदायक भाऊ