शेजारच्या गाळ्यातल्या नानांना

नाना, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो की "चहा घे आधी" म्हणून तुम्ही विषय कापता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तीन वर्षांपूर्वीचा गुरुवार आठवतो? भोसरी एमआयडीसीला सुट्टी, सगळी लाइन चिडीचूप, आणि मी अर्धं शटर उघडं ठेवून बुश नावाच्या सुट्या भागाच्या कोटेशनवर डोकं खपवत बसलो होतो. तुम्ही वाकून आत आलात. "मशीनचं तासाला काय लावलास?" मी म्हटलं, ३५०. "कशावरून?" तर, सगळे तेवढंच लावतात म्हणून.

तुम्ही हसला नाहीत. एक जुनं चलन उलटं केलंत आणि मागे लिहायला घेतलंत. महिन्याला सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, हप्ता ३० हजार, दोन ऑपरेटर ४०, भाडं १५, लाइट १२, इन्सर्ट-कूलंट (धातू कापायची पाती आणि थंड ठेवायचं द्रव) १५. मी लगेच हिशोब केला: १ लाख १२ हजार, २६ दिवस, दोन शिफ्टचे ४१६ तास. तासाला २७०सुद्धा पडत नाहीत, ८० सुटतातच की!

"आणि तुझा पगार?"

मालकाला कसला पगार, उरेल ते माझंच, असं मी म्हणालो. "आणि नाही उरलं तर?" तुम्ही स्वतःच २५ हजार लिहिलेत. मग विचारलंत, मशीन खरंच ४१६ तास धातू कापते का? सेटिंग, मटेरियलची वाट, लाइट जाणं, ऑपरेटरच्या गावची जत्रा... लॉगबुक तर मी ठेवतच नव्हतो. ओढूनताणून २९० तास भरले. १,३७,००० भागिले २९०, म्हणजे ४७२. दर तासाला सव्वाशेच्या आसपास मी पदरचे घालत होतो, वर मशीनपुढे कामाचा ढीग बघून खूश!

नवा दर ऐकून एक पार्टी गेली. महिनाभर झोप नव्हती, तुमचा रागही आला होता. हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

वसुलीचं तुम्ही शिकवलंत ते मात्र निमूटपणे ऐकलं. एक मोठी कंपनी माझं बिल ११० दिवस लटकवायची. जीएसटी मी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला खिशातून भरून मोकळा. तुम्ही उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करायला लावलीत. फुकट होते हेही मला माहीत नव्हतं, एका एजंटाला पैसे द्यायला निघालो होतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि नसला तर १५ दिवसांत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आणखी एक पाचर मारली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत माल घेणाऱ्याला तो खर्च आयकरात धरता येत नाही. तुमचं म्हणणं, कायदा खिशात असू दे, बिलावर फक्त उद्यम नंबर छाप. आणि फोन परचेसवाल्याला नको, अकाउंट्सला कर, शुक्रवारी सकाळी. बिल आता ५० दिवसांवर आलंय. वरच्या पाच दिवसांसाठी भांडायची छाती अजून झाली नाही.

एक सल्ला मी ऐकला नाही. "दुसरी मशीन इतक्यात नको" म्हणाला होतात, मी घेतली. आता तिचा हप्ता चालू आहे आणि दुसरी शिफ्ट रिकामी. तुम्ही त्यावर चकार शब्द काढला नाहीत, उलट तुमचं जास्तीचं टर्निंगचं काम माझ्याकडे पाठवलंत. त्यात एक लॉट टेपरमध्ये (एका टोकाला निमुळता) गेला, तोही गुपचूप बदलून घेतलात.

ते चलन अजून ड्रॉवरमध्ये आहे, कूलंटचा डाग पडलाय. तुमचा मापं घ्यायचा व्हर्निअरही माझ्याकडेच राहिलाय. गुरुवारी घेऊन येतो. चहा माझ्याकडून.

तुमचा,
पलीकडच्या गाळ्यातला